वाचकांचे प्रश्न: स्कोअर ९५ वर अडकलाय

प्रश्न: नमस्कार सर, वय ४६, पुण्यात राहतो आणि दर रविवारी गोल्फचे १८ होल खेळतो. दोन वर्षं झाली, स्कोअर ९४ ते ९७ च्या पुढे-मागे हलतच नाहीये. कोचिंग लावलं, नवीन ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब, म्हणजे काठी) घेतला, रेंजवर (सरावाच्या मैदानावर) बादल्याच्या बादल्या बॉल मारतो, तिथं सगळं मस्त जातं आणि कोर्सवर आलो की परत तेच. मागच्या रविवारचं कार्ड सोबत पाठवतोय. ९० ब्रेक करायचंय, म्हणजे ९० च्या आत यायचंय, नक्की काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर: कार्ड पाठवलंत हे फार बरं केलंत, बरेच जण नुसती बेरीज सांगतात आणि बेरजेवरून काही कळत नाही. तुमचे ३ पार (होलला ठरलेले तेवढेच शॉट), १० बोगी (पारपेक्षा एक जास्त), २ डबल (दोन जास्त) आणि ३ ट्रिपल (तीन जास्त). पार ७२ चा कोर्स, म्हणजे ९५. आता हेच कार्ड नीट बघा, १८ पैकी १३ होल तुम्ही बोगी किंवा त्याहून चांगले खेळलाय, आणि ते तीन ट्रिपल नुसते बोगी झाले असते तरी ६ शॉट वाचून ८९ झाले असते, एकही जास्तीचा पार न करता. तुमचा स्विंग ९० च्या आत यायला पुरेसा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. घोळ त्या तीन होलवर झालाय.

सातव्या होलचंच घ्या, तुम्ही शेजारी सगळं लिहून ठेवलंय म्हणून सांगता येतं. पार ४, ड्राइव्ह उजवीकडे झाडीत. समोर फांद्यांमधून फट दिसली म्हणून ५ आयर्न (५ नंबरचा लोखंडी क्लब) काढली, बॉल खोडावर आपटला आणि झाडीतच राहिला. तिसऱ्यात कसाबसा बाहेर, चौथा बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात), पाचव्यात ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर), दोन पट (ग्रीनवरून होलकडे मारायचे हलके फटके), झाले ७. याऐवजी दुसऱ्याच शॉटला वेज (जवळचं मारायचा क्लब) घेऊन आडवा फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर) काढला असता तर तिसरा १३० यार्डांवरून मोकळा मिळत होता. तो ग्रीनवर बसला तर दोन पट आणि बोगी, नाही बसला तर चिप (ग्रीनजवळचा छोटा शॉट), दोन पट आणि डबल. आडवं काढणं कमीपणाचं वाटतं, सोबतचे तिघे बघत असतात, मला ते कळतं, पण झाडीतून पहिल्या फटक्यात बाहेर यायचं हा एकच नियम तीन महिने पाळून बघा हो.

दुसरा ट्रिपल ओबीचा, म्हणजे बॉल हद्दीबाहेर गेल्याचा. ओबी गेला की एक पेनल्टी आणि परत टीवरून (होल सुरू होतो तिथून), म्हणजे तो तुमचा तिसरा शॉट असतो, आणि तिथं तुम्ही पुन्हा ड्रायव्हरच घेतलाय. ज्या होलला एका बाजूला भिंत किंवा कुंपण चिकटून आहे तिथं पहिल्यापासूनच हायब्रिड (ड्रायव्हरपेक्षा कमी लांब जाणारा क्लब) घ्या, वीस-तीस यार्ड मागे राहिलात तरी काही बिघडत नाही.

आता ॲप्रोच, म्हणजे ग्रीनकडे मारायचा शॉट. सगळे सांगतात की स्कोअर चिपिंग-पटिंगमधून कमी होतो, त्यात तथ्य आहे पण अर्धंच. कोलंबिया विद्यापीठाचे प्रा. मार्क ब्रॉडी यांनी हजारो शॉटचा हिशोब मांडला (त्यांच्याच पद्धतीवरचं पटिंगचं माप पीजीए टूरने (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेनं) २०११ पासून वापरायला घेतलं), त्यात असं दिसलं की चांगल्या आणि साधारण खेळाडूतला सुमारे दोन तृतीयांश फरक १०० यार्डांच्या बाहेरच्या शॉटमधून येतो. आणि हौशी खेळाडूचा ॲप्रोच बहुतेक वेळा तोकडा पडतो, कारण ७ आयर्न एकदा कधीतरी १५० गेलेली असते आणि तोच आकडा डोक्यात बसतो. रेंजवर प्रत्येक क्लबचे दहा बॉल मारा, सगळ्यात लांब गेलेले दोन सोडून द्या आणि बाकीचे हवेतून किती गेले ते लिहा. तो तुमचा खरा आकडा. झेंड्याकडे न बघता ग्रीनच्या मध्याचं अंतर धरा, आणि शंका आली की एक क्लब जास्त. पावसाळ्यात तर फेअरवे इतका ओला असतो की बॉल पडतो तिथंच बसतो, तेव्हा रोलचा भरवसा नकोच.

पटिंगचं थोडक्यात सांगतो. टूरवरचे प्रोसुद्धा ८ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात, त्यामुळे ते हुकले म्हणून जीव जाळू नका. तिसऱ्या ट्रिपलला तुमचे तीन पट झालेत आणि पहिलाच सहा फूट पुढे पळालाय, म्हणजे सराव तीस फुटांवरून वेगाचा करा. आपल्याकडे बरीच ग्रीन बर्मुडा गवताची असतात, होलच्या दिशेनं बघितल्यावर गवत चकाकत असेल तर ग्रेन (गवताचा कल) पुढच्या दिशेनं आहे आणि बॉल पळणार, गडद दिसलं तर अडणार. कॅडीला (बॅग उचलणाऱ्या मदतनिसाला) विचारा, त्याला तिथलं रोजचं ग्रीन पाठ असतं.

आणि रेंजवर एकच क्लब घेऊन ओळीनं पन्नास मारणं बंद करा. कोर्सवर लागोपाठ दोन शॉट सारखे येतात कुठे? पहिला होल मनात आणा, ड्रायव्हर मारा, मग ८ आयर्न, मग वेज, दर वेळी टार्गेट बदला आणि पूर्ण रुटीन (शॉटआधीची ठरलेली तयारी) करून मारा. बॉल कमी लागतील, वेळ तेवढाच जाईल, आणि रेंजवरचा खेळ कोर्सवर येऊ लागेल.

प्रश्न: मी ५८ वर्षांची, ड्राइव्ह जेमतेम १५० यार्ड जातो. ग्रुपमधले सगळे पांढऱ्या, म्हणजे मागच्या टीवरून खेळतात म्हणून मीही तिथूनच खेळते. स्कोअर ११० च्या खाली येत नाही. पुढच्या टीवर गेले तर ती फसवणूक होईल का?
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर: अजिबात नाही, लगेच जा. ३४० यार्डांच्या पार ४ ला तुमचे १९० यार्ड उरतात, म्हणजे दोनमध्ये ग्रीन गाठणं अशक्यच आणि प्रत्येक होलची सुरुवातच एक शॉट मागून होते. अमेरिकेत यूएसजीए आणि पीजीए ऑफ अमेरिका या गोल्फ संघटनांनी २०११ मध्ये, लोकांनी आपल्या ड्राइव्हला शोभेल अशा पुढच्या टीवरून खेळावं म्हणून मोहीमच काढली होती. शिवाय २०२० पासूनच्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत कोर्स हँडिकॅप (खेळाडूला मिळणारी शॉटची सूट) टीप्रमाणे बदलतो, त्यामुळे बाकीचे मागून खेळले तरी मॅच बरोबरीचीच होते. क्लबमध्ये तुमच्या टीचा तक्ता मागून घ्या आणि येत्या राउंडपासून तोच आकडा कार्डावर लिहा.