जुनी रेड बर्गंडी (फ्रान्सच्या बर्गंडी भागातली लाल वाइन) पहिल्यांदा उघडताय?

१९८५ किंवा १९९० ची बाटली हाती आली म्हणजे ती चांगलीच निघेल असं नाही. साध्या गावपातळीच्या (गावाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या) वाइनचा बहर बहुधा केव्हाच ओसरलेला असतो. ग्राँ क्रू, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या मळ्यांतली वाइन, जास्त तग धरते. आधी बाटलीतली पातळी बघा. बुचाखाली ३-४ सेंटिमीटर रिकामं असेल तर या वयाला ठीक. ७ च्या पुढे गेलं की धोका.

बाटली दोन दिवस उभी ठेवा. पिनो न्वारचा, म्हणजे ही वाइन ज्या द्राक्षाची असते त्याचा, गाळ फार बारीक असतो, हलला की सगळी वाइन गढूळ आणि कडवट. बूच भुसभुशीत झालेलं असतं आणि साध्या स्क्रूने त्याचा चुरा होतो, म्हणून दोन पात्यांचं ओपनर घ्या.

नवख्यांची हमखास चूक म्हणजे वाइन डिकँटरमध्ये (काचेच्या सुरईत) ओतून तासभर ठेवणं. उरलासुरला सुगंध तेवढ्यात उडून जातो! १५-१६ अंशांवर, थेट मोठ्या ग्लासात, थोडीशीच ओता. पहिला वास कोंदट आला तर लगेच बेसिनमध्ये रिकामी करू नका, वीस मिनिटं द्या.

- ग्लासातल्या वाइनची विटकरी कडा, ओला पालापाचोळा, अळंबी, सुकलेला गुलाब: हे वय, दोष नव्हे.
- ओल्या पुठ्ठ्याचा वास: बुचामुळे वाइनला लागलेली बाधा. कितीही थांबा, जाणार नाही.
- फळाची चव गायब, जिभेवर नुसता आंबटपणा आणि कोरडा तुरटपणा: वाइन उतरली.

ओतताना मानेपाशी गाळ दिसला की थांबा. सोबत साधं रोस्ट चिकन पुरे. झणझणीत रस्सा दुसऱ्या दिवशी.