कॅप्टन पुन्हा उजव्या खुर्चीत बसतो तेव्हा

शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: ‘मुलगा सतरा वर्षांचा, हायस्कूलचं शेवटचं वर्ष. गेल्या उन्हाळ्यापासून जवळच्या छोट्या विमानतळावर सेसना १७२ शिकतोय. एअरलाइन पायलट व्हायचं म्हणतो. मी आयटीत, पत्नी फार्मसिस्ट. आम्ही मनाची तयारी करत आणली होती, तेवढ्यात शेजारच्या घरातल्या कॅप्टनला कंपनीचं डिस्प्लेसमेंटचं पत्र आलं. बावन्न वर्षांचा माणूस, एकवीस वर्षांची नोकरी, एक डाग नाही. आता तो पुन्हा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. जिथे कॅप्टनला खाली उतरवतात तिथे मुलाला कसं पाठवू? त्यापेक्षा त्याला भारतात, बारामतीसारख्या ठिकाणी शिकवून तिकडच्याच एअरलाइनमध्ये घालावं का?’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला ‘पुन्हा’ हा शब्द मला टोचला, कारण तो तुम्हाला टोचला आहे हे दिसतं. आपल्याकडे नोकरी म्हणजे जिना. नायब तहसीलदाराचा तहसीलदार होतो, तहसीलदाराचा प्रांत. उलटं झालं तर गावात दुसऱ्या दिवशी चर्चा, ‘काहीतरी भानगड असणार.’ शेजाऱ्याकडे तुम्ही त्याच नजरेने पाहताय. अमेरिकेतल्या एअरलाइन कंपन्यांत हा जिनाच नाही, म्हणून आधी तिथे काय आहे ते सांगते.

तिथे वैमानिकाला बढती देणारा साहेब नसतो. कंपनीत ज्या तारखेला रुजू झालात, त्यावरून एक सिनियॉरिटी नंबर मिळतो, आणि पुढचं सगळं आयुष्य त्या नंबरावर चालतं. कोणतं विमान, कोणती खुर्ची (डावी कॅप्टनची, उजवी फर्स्ट ऑफिसरची) आणि कोणता बेस (ज्या शहरातून ड्युटी सुरू होते ते), हे तिन्ही मिळून एक जागा होते. जागा निघाली की कंपनी बिड काढते, ज्यांना हवी ते मागतात, यादीत वर असेल त्याला मिळते. पात्रता सिद्ध करायला ट्रेनिंग आणि चेकराइड, म्हणजे उड्डाणाची परीक्षा, असतेच, पण रांगेतला क्रम हुशारीवर ठरत नाही आणि वशिल्यावरही नाही. सुट्टी कधी, दिवाळीला घरी की नाही, हेसुद्धा त्याच नंबरावर.

आता उलटी बाजू. कंपनीने एखादं विमान निवृत्त केलं किंवा एखाद्या शहरातली उड्डाणं कमी केली की त्या जागा जास्त ठरतात. पंगत डोळ्यांपुढे आणा. लोक आले त्या क्रमाने बसलेत, आणि मध्येच वाढप्यांनी चार पाट उचलले. ज्यांचे पाट गेले ते उपाशी उठत नाहीत. आपल्यानंतर आलेल्या कोणाच्याही पाटावर बसायचा त्यांना हक्क आहे. तो उठलेला त्याच्याहून उशिरा आलेल्याला उठवतो. असं सरकत सरकत दाराशी बसलेल्याच्या हातात ताट उरतं, पाट उरत नाही. मधल्या सगळ्यांचं होतं ते डिस्प्लेसमेंट. दाराशी उभा राहिला त्याचं ते फर्लो, म्हणजे बिनपगारी घरी बसणं. पुढच्या पंगतीला त्याला हाक येते, तीही क्रमानेच.

म्हणून शेजाऱ्याबद्दल माझा एक अंदाज आहे. एकवीस वर्षांचा नंबर असलेल्या माणसाला बहुधा निवड करता आली असेल. दुसऱ्या कुठल्या शहरात, लहान विमानावर, डावी खुर्ची त्याच्या नंबराला मिळतही असेल. त्याने शिकागोतली उजवी घेतली. का? मुलं शाळेत असतील, आईवडील म्हातारे असतील, किंवा नुसतंच रात्री स्वतःच्या घरी झोपायचं असेल. असे निर्णय त्या व्यवसायात रोज घेतले जातात. डाव्या खुर्चीच्या रांगेत तळाला बसण्यापेक्षा उजव्या खुर्चीच्या रांगेत वर बसलेलं बरं, असं म्हणणारे कित्येक आहेत, कारण वर बसलेल्याला वेळापत्रक मनासारखं मिळतं. माझा अंदाज चुकलाही असेल. पण तुम्ही त्याला विचारलं आहे का? कुंपणापलीकडे माणूस राहतो आणि तुम्ही पत्र पुण्याला लिहिता, याची मला थोडी गंमत वाटली, राग मानू नका.

पगारात फरक पडतो, हे खरं. एकाच विमानावर फर्स्ट ऑफिसरचा तासाचा दर कॅप्टनच्या साधारण दोन-तृतीयांश असतो. काही करारांत ठरावीक काळ जुना दर सांभाळायची किंवा घर हलवायचा खर्च द्यायची तरतूद असते, काहींत नसते. मुलगा उद्या कुठेही अर्ज करेल तेव्हा पगाराचा तक्ता सगळेच वाचतात. त्याने करारातलं डिस्प्लेसमेंटचं कलम वाचावं. सतराव्या वर्षी ते वाचून दाखवणारा मुलगा असेल तर त्याची चिंता करायची गरज नाही.

कंपनीलाही हे सरकवणं परवडत नाही, कारण विमान बदललं की नवं ट्रेनिंग आलं. एक पाट उचलला की तीन-चार जण ट्रेनिंगला जातात, सिम्युलेटर भरून जातात, आणि प्रशिक्षण संपेपर्यंत माणूस पगार घेतो पण प्रवासी नेत नाही. तरीही हे होत आलं आहे, आणि पुन्हा होणार. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही दुसरी विमान कंपनी विकत घेतली. टीडब्ल्यूएच्या कितीतरी वैमानिकांना एकत्र यादीत तळाशी टाकण्यात आलं. त्याच वर्षीचा ११ सप्टेंबर, मग कपात. ती तळातूनच सुरू झाली. नोव्हेंबर २००३ मध्ये सेंट लुईसचा हब, म्हणजे उड्डाणांचं मोठं केंद्र, निम्म्यावर आणला गेला. वर्षानुवर्षं डाव्या खुर्चीत बसलेले लोक घरी बसले. त्यात त्यांच्या उड्डाणाची काय चूक होती? त्या प्रकरणाची आठवण ठेवून डिसेंबर २००७ मध्ये मॅककॅस्किल-बाँड दुरुस्ती आली. दोन कंपन्या एक झाल्या तर याद्या न्याय्य रीतीने एकत्र व्हाव्यात, आणि वाद असेल तर लवादाकडे जावा, असं ती सांगते. त्याच महिन्यात निवृत्तीचं वय साठवरून पासष्ट झालं. वरच्यांना आनंद झाला, खालचे सगळे पाच वर्षं जागच्या जागी थिजले. पीट्सबर्ग, मेम्फिस, क्लीव्हलँड ही शहरं एकेकाळी हब होती. तिथे घर घेतलेल्या वैमानिकांना पुढे दुसऱ्या शहरातून ड्युटी सुरू करावी लागली.

२०२० तर तुम्ही पाहिलंच आहे. अमेरिकनने ७५७, ७६७, ए३३० ही विमानं कायमची उभी केली, डेल्टाने एमडी-८८ आणि ७७७. विमान गेलं की त्यावरच्या खुर्च्या गेल्या. १ ऑक्टोबर २०२० ला सरकारी मदतीची मुदत संपताच अमेरिकनने सुमारे १९,००० कर्मचारी फर्लोवर टाकले, त्यात सुमारे १,६०० वैमानिक होते. डिसेंबरमध्ये नवी मदत मंजूर झाल्यावर त्यांना परत बोलावलं. आणि दोन वर्षांत वारं असं फिरलं की वैमानिक मिळेनात. २०२४ मध्ये पुन्हा थंडावलं. त्या वर्षीच्या जानेवारीत एका ७३७ मॅक्सचा दरवाजाच्या जागी बसवलेला भाग हवेत निखळला, बोइंगच्या उत्पादनावर बंधनं आली, विमानं वेळेवर मिळेनात, आणि जी विमानं आलीच नाहीत त्यांच्या खुर्च्या कोणाला द्यायच्या? वॉशिंग्टन राज्यातल्या कारखान्यात काय घडलं त्यावर शिकागोतल्या माणसाचा महिन्याचा रोस्टर ठरतो. हे मुलाला कोणी शिकवत नाही.

या सगळ्याचा त्रास नेमका कुठे होतो, ते मला माझ्या मावसभावाच्या मुलीमुळे कळलं. ती डॅलसला वाढली, तिथेच राहते. पहिली नोकरी लागली तेव्हा बेस मिळाला न्यूयॉर्क. नवी होती, म्हणजे यादीत तळाला, म्हणजे रिझर्व्ह: फोन वाजला की दोन-अडीच तासांत विमानतळावर. डॅलसहून ते शक्य नाही, म्हणून क्वीन्समध्ये क्रॅश पॅड. एका खोलीत बंक बेड, आठ जणी, आज कोण झोपेल ते उद्या कोण कुठे उडतंय त्यावर. सुट्टीला घरी जायचं तर रिकाम्या सीटवर किंवा कॉकपिटमधल्या जंपसीटवर (जादा घडीच्या खुर्चीवर), आणि जागा नसेल तर विमान समोरून जाताना बघायचं. सव्वा वर्षाने डॅलस मिळालं. आठ महिन्यांनी डिस्प्लेस होऊन पुन्हा न्यूयॉर्क. ती मला म्हणाली, ‘आत्या, हातातली बॅग कधी रिकामीच करत नाही मी.’ त्या वर्षी तिने उडण्याबद्दल एकदाही तक्रार केली नाही. तक्रार होती बंक बेडची, आणि नवीन घेतलेल्या गाडीच्या हप्त्याची.

हप्त्याचाच मुद्दा मला तुमच्यापुढे ठेवायचा आहे. डिस्प्लेसमेंटमुळे कोणाचं घर मोडत नाही. डाव्या खुर्चीच्या पगारावर बांधलेलं घर मोडतं. आणि सुरुवातीच्या वयात त्याहून वाईट म्हणजे शिक्षणाचं कर्ज. तिथे शून्यापासून इन्स्ट्रक्टरपर्यंतचा झटपट कोर्स एक लाख डॉलरच्या पुढे जातो. खासगी कर्ज घेऊन केला, आणि नोकरीच्या दुसऱ्या वर्षी फर्लो आला, तर बँक सिनियॉरिटी नंबर विचारत नाही.

मग रस्ता कोणता? एअरलाइनच्या खुर्चीसाठी उड्डाणाचे १,५०० तास लागतात. २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, त्यानंतरच्या कायद्याने २०१३ पासून हा नियम आला. मान्यताप्राप्त एव्हिएशनची चार वर्षांची पदवी असेल तर १,००० तासांवर भागतं, वय मात्र किमान एकवीस हवं. म्हणजे त्या पदवीने मुलगा पाचशे तास, कदाचित वर्षभर आधी यादीत शिरेल, आणि एक वर्ष म्हणजे शेकडो नंबर. एकेकाळी मी सरसकट ‘आधी दुसरी पदवी’ म्हणायचे. आता तसं म्हणत नाही, कारण या धंद्यात उशीर खरोखर महाग पडतो. पण तुमच्या मुलाच्या बाबतीत माझा कल दुसरीकडे आहे. तो आधीच जवळच्या विमानतळावर शिकतोय. तासागणिक पैसे देत, घरून, जवळच्या विद्यापीठात हव्या त्या विषयाची पदवी घेत पुढे गेला, मग इन्स्ट्रक्टर होऊन तास जमवले, तर वर्ष जाईल पण डोक्यावर कर्ज नसेल. कर्ज नसलेल्या तेविशीतल्या पोराला फर्लो आला तर तो परत शिकवायला लागतो. मला ते एक वर्ष देऊन टाकायला आवडेल. दोन्ही हिशोब त्याच्यापुढे मांडा, निर्णय त्याला घेऊ द्या.

तुम्ही राहता ती जागा ही तुमच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि पत्रात तिचा उल्लेखही नाही. ओहेअरला युनायटेड आणि अमेरिकन, मिडवेला साउथवेस्ट. तीन मोठ्या कंपन्यांचे बेस तासाभराच्या गाडीवर असलेली घरं त्या देशात फार नाहीत. तिथून हलवलं तरी बहुतेक कुठल्याही बेसला थेट विमान आहे.

पैसे पुढे घालण्यापूर्वी एक काम मात्र करा. त्याची एफएएची (अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामक खात्याची) फर्स्ट क्लास मेडिकल, म्हणजे सगळ्यात वरच्या वर्गाची वैद्यकीय तपासणी, आत्ताच करून घ्या. शिकाऊ परवान्याला तिसऱ्या वर्गाची पुरते, म्हणून अनेक जण वरची पुढे ढकलतात, आणि खर्च झाल्यावर अडकतात. रंगांधळेपणा, फिट्स, आणि तिकडच्या शाळांमध्ये सर्रास दिली जाणारी एडीएचडीची औषधं यांवर एफएए फार काटेकोर आहे. लहानपणी डॉक्टरांनी असं काही लिहून दिलं असेल तर आधी एव्हिएशन मेडिकल एक्झामिनरशी नुसतं बोला, अर्ज नंतर भरा. लपवू तर मुळीच नका.

डिस्प्लेसमेंटला तुम्ही घाबरलात, पण घाबरायचंच असेल तर कंपनी बुडण्याला घाबरा. नंबर कंपनीबरोबर मरतो. १९९१ मध्ये पॅन अॅम ही विमान कंपनी बंद पडली तेव्हा वीस-पंचवीस वर्षांच्या कॅप्टनना दुसरीकडे शेवटच्या नंबरावर उभं राहावं लागलं. स्पिरिट या स्वस्त तिकिटांच्या विमान कंपनीने १ सप्टेंबर २०२४ ला १८६ वैमानिक फर्लोवर टाकले, जानेवारी २०२५ अखेर आणखी सुमारे ३३०, आणि शंभरावर कॅप्टन उजव्या खुर्चीत. त्यांच्या एअरबसच्या इंजिनांत दोष निघाल्यामुळे विमानं जमिनीवर होती, डोक्यावर कर्ज होतं. म्हणून पहिली ऑफर देणारी कंपनी आणि टिकणारी कंपनी यांत फरक करायला त्याला शिकवा. तिच्या ताळेबंदाकडे बघायला तुम्ही आयटीतले असलात तरी चालेल.

भारताचं विचारलंत. बारामतीला चांगलं शिकवतात, गोंदियालाही. पण ‘तिकडे असलं नसतं’ हा समज सोडा. इथे खुर्चीवर हक्क सांगणारा नंबर तसा नाही, कंपनी सांगेल तो बेस. आणि किंगफिशर २०१२ मध्ये, जेट १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली तेव्हा मुंबईतल्या किती घरांतल्या कॅप्टनांनी आखाती देशांत आणि व्हिएतनाममध्ये अर्ज टाकले, ते मी माझ्या टेबलापलीकडे बसलेल्यांकडून ऐकलं आहे. शिवाय नोकरी सोडायची तर कॅप्टनला वर्षभराची नोटीस. अमेरिकेत वाढलेल्या, तिथे काम करायचा हक्क असलेल्या मुलाला त्यासाठी इकडे पाठवण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

या शनिवारी मुलाला शेजारी पाठवा. तुम्ही जाऊ नका, तुम्ही गेलात तर सांत्वनाला गेल्यासारखं होईल. त्याने तीन गोष्टी विचाराव्यात: बिडमध्ये आणखी काय मागता आलं असतं, बायकोशी काय बोलणं झालं, आणि उजव्या खुर्चीतला पहिला दिवस कसा गेला. बाजूच्या डाव्या खुर्चीत वयाने लहान कॅप्टन असला तरी त्याच्या चेकलिस्टला मनापासून साथ देता येते का, याचं उत्तर त्याला तिथे मिळेल. ऐकून घरी आल्यावर तो गप्प बसला तर बसू द्या, त्याच रात्री मत विचारू नका. मेडिकलचा निकाल आला की मला कळवा, मग कॉलेजांच्या याद्या बघू.