'जावई मला पाण्यात पाहतात'

"मॅडम, आमचे जावई मला पाण्यात पाहतात. नक्की सांगते." खुर्चीत टेकता टेकताच काकू म्हणाल्या. 'अमकी व्यक्ती माझ्याशी मुद्दाम असं वागते' ही तक्रार घेऊन माझ्याकडे इतकी माणसं येतात, की काकूंच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून हा अनुभव लिहिते आहे.

सुरुवात दिवाळसणापासून. जावई ताटावरून लवकर उठले, कुणाशी धड बोलले नाहीत. त्यानंतर दीड वर्षाची यादीच काकूंकडे तयार होती. फोनवर नुसतं 'हो, बरं'. सत्यनारायणाला कोपऱ्यात बसून राहिले. मध्ये एकदा मात्र काकूंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तेच रजा काढून गेले होते.

"ते लेकीने सांगितलं म्हणून," काकू लगेच म्हणाल्या.

मी तिथेच थांबले. तुटक वागले तर तो त्यांचा स्वभाव, आणि चांगलं वागले तर ते कुणीतरी सांगितलं म्हणून! पहिलं मत एकदा बसलं की पुढचं सगळं आपण त्याच्याच मापाने मोजतो. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने 1946 मध्ये एका माणसाचं सहा शब्दांत वर्णन केलं. एका गटाला 'हुशार, कष्टाळू' आधी आणि 'हट्टी, मत्सरी' शेवटी ऐकवलं, दुसऱ्या गटाला उलट्या क्रमाने. शब्द तेच, तरी चांगले गुण आधी ऐकणाऱ्यांचं त्या माणसाबद्दलचं मत जास्त चांगलं झालं. काकूंच्या यादीत दिवाळसण सगळ्यात आधी होता.

अशा वेळी मी मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड केली यांनी 1967 मध्ये मांडलेला विचार साध्या प्रश्नांत वापरते. ते इतरांशीही असेच वागतात का? नेहमीच असे वागतात का? आणि त्या ठिकाणी दुसरं कुणी असतं तर तेही तसंच वागलं असतं का? पंधरा दिवस वहीत फक्त डोळ्यांना दिसलं, कानांना ऐकू आलं तेवढंच लिहा, असं काकूंना सांगितलं. 'तोंड फिरवलं' चालेल, 'अपमान केला' नको.

पुढच्या भेटीत वही जवळजवळ कोरी होती, पण काकूंनी लेकीला विचारलं होतं. "तो स्वतःच्या आईशीसुद्धा फोनवर एवढंच बोलतो," असं लेक म्हणाली. मग काकू हळूच म्हणाल्या, "दिवाळसणाला वीस-बावीस माणसं होती. सगळे उखाण्यासाठी त्यांच्या मागे लागले होते. तिथे कुठलाही नवा जावई अवघडला असता." एवढं बोलून त्या बराच वेळ गप्प बसल्या.

या प्रश्नांची उत्तरं दर वेळी अशीच येत नाहीत. तो माणूस सगळ्यांशी मोकळा असेल आणि फक्त तुमच्याशीच सतत तुटक वागत असेल, तर तुमच्या दोघांत काहीतरी आहे आणि त्यावर बोलायलाच हवं. आणि समोरचा मारहाण करत असेल, चारचौघांत पाणउतारा करत असेल, तर त्याच्या वागण्याची कारणं शोधत बसू नका. आधी स्वतःला सुरक्षित करा. बायकांना 'समजून घे' हे फार वेळा ऐकवलं जातं, म्हणून हे मुद्दाम सांगते.

मागच्या महिन्यात काकू परत आल्या. जावई अजून फारसे बोलत नाहीत. लेकीकडे गेल्या की सकाळचा चहा मात्र दोघं गॅलरीत बसून घेतात.

"थोडं टोचतंच हो अजून," त्या म्हणाल्या. "पण आता साखर किती घालायची ते मला ठाऊक आहे."