घरच्या फोटोंसाठी स्वस्तातलं एडिटिंग सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

घरगुती वापर म्हणजे लग्न-मुंजीचे फोटो उजळ करणं, कडा कापणं आणि जुने फोटो दुरुस्त करणं एवढंच असेल, तर आधी एक रुपयाही घालवू नका. दरमहा पैसे कापणारं सबस्क्रिप्शन तर नकोच.

फोनवरच काम भागत असेल तर स्नॅपसीड. गूगलचं आहे, फुकट आहे.

कॉम्प्युटरवर गिंप टाका. १९९६ पासून चालत आलेलं, पूर्ण मोफत. पहिले दोन दिवस मेन्यू बघून डोकं फिरतं, हे खरं. पण आजोबांच्या पिवळ्या पडलेल्या फोटोवर घडीची पांढरी रेघ आहे ना? ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, हील टूल घ्या, कंट्रोल दाबून रेघेशेजारच्या चांगल्या जागेवर क्लिक करा आणि रेघेवरून हळूहळू ब्रश फिरवा. कोटावरची रेघ पटकन जाते. चेहऱ्यावर मात्र ब्रश बारीक ठेवा, नाहीतर आजोबांचं नाक बदलतं (आमच्याकडे बदललं होतं). पिवळेपणासाठी कलर्स मेन्यूतलं लेव्हल्स. मूळ स्कॅन वेगळा जपून ठेवा. आणखी एक, 'सेव्ह' केलं की गिंपची स्वतःची एक्ससीएफ फाइल होते. व्हॉट्सॲपवर पाठवायला जेपीजी हवी तर 'एक्स्पोर्ट' करायचं. इथे सगळेच अडकतात.

काही इन्स्टॉल करायचं नसेल तर ब्राउझरमध्ये फोटोपी उघडा. जाहिराती दिसतात, पण फोटोशॉपची पीएसडी फाइलसुद्धा उघडते.

कॅमेऱ्यात रॉ फोटो (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढत असाल तरच डार्कटेबल या रॉ फोटोंच्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जा. तेही मोफतच.