दाताची नस सुजली असेल तर लवंग किंवा हळदीतल्या घटकांनी ती बरी होते का?

कळ थोडा वेळ दबते, पण सुजलेली नस, म्हणजे दाताच्या आतला गर, एवढ्याने बरी होत नाही. लवंगतेलातला मुख्य घटक युजेनॉल. तो वेदनेचे संदेश रोखतो आणि सूज वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स कमी करतो. म्हणूनच झिंक ऑक्साइडमध्ये युजेनॉल कालवून केलेलं तात्पुरतं सिमेंट दंतवैद्य आजही वापरतात (दवाखान्यातला तो लवंगेचा वास त्याचाच). त्यातून युजेनॉल डेंटिनमधून (दाताच्या गराभोवतीच्या कठीण थरातून) अगदी थोडं थोडं झिरपतं, आणि खुबी तिथेच आहे: जास्त झालं की तेच पेशी मारतं. त्यामुळे उघड्या पडलेल्या गरावर ते ठेवत नाहीत. तिथे एमटीए (दातांसाठीचं एक खास सिमेंट) किंवा कॅल्शियम हायड्रॉक्साइड लागतं. हळदीतल्या कर्क्युमिनचे प्रयोग बहुतेक प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर झालेत. शिवाय ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही, तेव्हा हळद चोळून ते गरापर्यंत पोचेल ही आशा सोडा. एक मात्र बघा: गार पाण्याची कळ दोन-चार सेकंदांत जात असेल तर कीड काढून दात भरल्यावर गर वाचू शकतो. ती रेंगाळत असेल किंवा रात्री झोपेतून उठवत असेल, तर बहुधा रूट कॅनालची वेळ आली आहे.