गवताच्या छपराला पन्हळ

प्रश्न : नॉर्वेतील डोंगराळ भागात आम्ही घेतलेल्या लाकडी कुटीच्या छपरावर माती व गवत आहे. पागोळ्यांचे पाणी पायाशी साचते. पन्हळ बसवता येईल का?

उत्तर : येईल. तिकडच्या जुन्या घरांना सहसा पन्हळ नसे. मातीखाली अंथरलेल्या भूर्जाच्या (बर्च झाडाच्या) सालीचे थर वळचणीबाहेर काढून पाणी भिंतीपासून दूर पाडले जाई. माती अडवून धरणाऱ्या वळचणीच्या ओंडक्याला मात्र पन्हळीचे आकडे मुळीच ठोकू नयेत, कारण तो सतत ओला राहून कुजतो आणि त्याच्यावर मातीचा मोठा रेटा असतो (15 सेंटिमीटर जाडीच्या ओल्या थराचे वजन चौरस मीटरमागे सुमारे 250 किलो भरते). आकडे वाशांच्या टोकांना किंवा वळचणीच्या फळीला, बर्फाचा भार लक्षात घेऊन जवळजवळ बसवावेत. सालीची अथवा जलरोधक थराची कड पन्हळीत झुकलेली असणे सर्वांत महत्त्वाचे, अन्यथा पाणी मागच्या बाजूने भिंतीवर उतरेल. उतार मीटरमागे 3 ते 5 मिलिमीटर पुरतो. माती व मुळे वाहून येत असल्याने पन्हळ रुंद घ्यावी आणि वसंतात व पानगळीनंतर साफ करावी. हे तपकिरी पाणी पिण्यासाठी साठवू नये.