प्लाझ्मिडवर पोट भरेल का?

सप्रेम नमस्कार.

तुमची मुलगी कराडला एस. वाय. बी.एस्सी.ला आहे, विषय मायक्रोबायॉलॉजी. पुढे तिला प्लाझ्मिडवर काम करायचंय आणि तुम्ही विचारता, ‘ज्याच्यावाचून जिवाणूचंसुद्धा अडत नाही, त्यावर हिचं पोट कसं भरेल?’

जिवाणूचं रोजचं अडत नाही, हे खरं. जगायला लागणारी जनुकं त्याच्या गुणसूत्रावर असतात. प्लाझ्मिड हे डीएनएचं वेगळं, बहुधा गोल, छोटंसं कडं. पण अँटिबायोटिकचा मारा झाला की अनेकदा याच कड्यावरचं जनुक जिवाणूला तारतं. आणि ही ठेव केवळ वारसांना मिळते असं नाही, दुसऱ्या जातीच्या शेजाऱ्यालाही देता येते. १९५०च्या दशकात जपानमध्ये हगवणीचे जंतू एकाच वेळी चार-चार औषधांना दाद देईनात. ही ताकद हगवणीच्या जंतूंकडून ई. कोलाय या आतड्यातल्या दुसऱ्या जिवाणूकडे जाते, हे तिथल्या संशोधकांनी १९५९मध्ये दाखवलं. आज आपल्या अतिदक्षता विभागांना घोर लावणारं एनडीएम-१ हे जबर अँटिबायोटिकही निकामी करणारं जनुक बहुधा प्लाझ्मिडवरूनच फिरतं. हे रोखायला माणसं हवीत, आणि ती कमी आहेत असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी बाजू औषधांची. १९७३मध्ये कोहेन आणि बॉयर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी प्लाझ्मिडमध्ये परकं जनुक जोडून ते जिवाणूत चालवलं. त्याच वाटेनं १९८२मध्ये जिवाणूंनी बनवलेलं मानवी इन्शुलिन आलं. २०२१मध्ये परवानगी मिळालेली अहमदाबादची झायकोव्ह-डी ही कोविडची लस तर प्लाझ्मिडचीच होती.

आता पैशाचं. नुसत्या बी.एस्सी.वर औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये काम मिळतं, पण पगार बेताचा. त्यामुळे एम.एस्सी. हवीच. त्यासाठी आयआयटी जॅमचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर आणि गॅट-बी, या दोन्ही प्रवेश परीक्षा द्यायला लावा. संशोधनात जायचं तर पुढे नेट-जेआरएफ ही फेलोशिपची परीक्षा आणि पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं धरा. फेलोशिप मिळाली तर घरून फारसे पैसे लागत नाहीत, धीर मात्र लागतो. सोबत जनुकक्रम वाचण्यापुरतं कॉम्प्युटरचं कामही तिनं शिकावं.

एक गोष्ट तिलाच विचारा: प्लाझ्मिड तिनं स्वतःच्या हातानं वेगळं केलंय का? बऱ्याच कॉलेजांत सर करून दाखवतात, मुलं वहीत उतरवतात. तसं असेल तर या उन्हाळ्यात पुण्या-कोल्हापूरच्या एखाद्या प्रयोगशाळेत दीड-दोन महिने जाऊ द्या. डीएनए तपासायच्या जेलवर त्याचा पट्टा उमटला नाही म्हणून सगळं पुन्हा करावं लागेल, तेव्हा तिचा उत्साह किती टिकतो ते बघा आणि मग मला कळवा.